कॅनडाने युद्धात काय केलं हे विमीवरून नका मोजू

२०२५ च्या सुरुवातीला ट्रम्पनी कॅनडावर टॅरिफ लावले, वर एक्कावन्नावं राज्य करून टाकायची भाषा केली, आणि तेव्हापासून एक जुना वाद परत उकरून निघालाय, की या देशाने जगासाठी नेमकं केलंय तरी काय. तेव्हाचे कॅनडाचे पंतप्रधान ट्रुडोंनी भाषणात नॉर्मंडी, कोरिया, फ्लँडर्स, कंदाहार अशी नावं घेतली आणि झालं, दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी फ्रान्समधल्या विमी टेकडीवरच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाचा फोटो टाकते आणि म्हणते की १९१७ ला त्या टेकडीवर कॅनडा राष्ट्र म्हणून जन्माला आला, विषय संपला. दुसरी पार्टी, आणि यात आपली मराठी मंडळीही बरीच आहेत, टोरांटोतली पण आणि पुण्या-मुंबईतली पण, म्हणते की कसलं योगदान, ब्रिटिशांनी हाक मारली म्हणून गेले, जसे आपले गेले. मला या दोन्ही बाजूंचा मनापासून राग येतो, कारण दोघंही एकाच ठिकाणी अडकलेत. दोघांना एक सकाळ, एक टेकडी, एक फोटो पाहिजे, एकाला पूजा करायला आणि दुसऱ्याला फोडायला. माझं म्हणणं सरळ आहे. एखाद्या सैन्याचं योगदान मोजायचं तर एवढंच विचारा, की हे लोक त्या जागेवर नसते तर काय अडलं असतं? या मापाने कॅनडाचं पारडं जड आहे, खूप जड आहे, पण ते विमीमुळे नाही, ज्या कामांचे फोटो कोणी टाकत नाही त्या कामांमुळे आहे.

आधी विमीबद्दल विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करून टाकू. ९ ते १२ एप्रिल १९१७, कॅनडाच्या चारही डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) पहिल्यांदा एकत्र लढल्या, टेकडी घेतली, ३,५९८ जण मेले आणि सात हजारांच्या आसपास जखमी झाले. त्याआधी फ्रेंचांनी ही टेकडी घ्यायला प्रचंड माणसं घालवली होती, त्यामुळे पराक्रम मोठाच होता. पण या चार डिव्हिजन मिळून झालेल्या कोअरचा कमांडर ज्युलियन बिंग ब्रिटिश होता, जड तोफा बऱ्याचशा ब्रिटिश होत्या, जमिनीखालचे बोगदे ब्रिटिश टनेलिंग कंपन्यांनी खणलेले होते, आणि हल्ला करणाऱ्या १,७०,००० माणसांमध्ये लाखाच्या आत कॅनडाचे होते. आणि टेकडी घेऊन युद्ध किती पुढे सरकलं? जर्मन काही किलोमीटर मागे हटून परत बसले. विमी हा अरासच्या लढाईचा एक तुकडा, अरास हा फ्रेंच सेनापती निव्हेलच्या हल्ल्याला जोड म्हणून केलेला, आणि निव्हेलचा हल्ला असा फसला की फ्रेंच सैन्यात बंडं झाली. म्हणजे स्थानिक विजय उत्तम, युद्धाच्या हिशोबात फरक थोडा. हे सांगितलं की विमीवाले चिडतात, पण हे कॅनडाचेच इतिहासकार कितीतरी वर्षं सांगतायत.

आता विमीवाल्यांची सगळ्यात भक्कम बाजू. ते म्हणतात की लष्करी फायदा सोडा, राजकीय बघा, या रक्ताच्या जोरावर पंतप्रधान बॉर्डननी साम्राज्याच्या बैठकीत स्वायत्त राष्ट्राचा दर्जा मिळवला, व्हर्सायला वेगळी सही केली, पुढे डोमिनियनना (कॅनडासारख्या साम्राज्यातल्या स्वशासित देशांना) स्वतःचे कायदे करायचं स्वातंत्र्य देणारा १९३१ चा वेस्टमिन्स्टर कायदा आला, आणि १९३९ ला कॅनडाने ब्रिटननंतर आठवड्याने, १० सप्टेंबरला, स्वतःच्या पार्लमेंटमध्ये चर्चा करून स्वतंत्र युद्ध पुकारलं. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. पण रक्त दिलं म्हणून राष्ट्र झालं हा नियम असेल तर तो भारताला का नाही लागू झाला, याचं उत्तर मला अजून एकाही विमीवाल्याने दिलेलं नाही. कॅनडाचे सुमारे सव्वासहा लाख लोक पहिल्या महायुद्धात भरती झाले, भारताचे तेरा लाखांच्या वर गेले आणि ७४,००० च्या आसपास मेले. बेल्जियममधल्या ईप्रला एप्रिल १९१५ मध्ये जर्मनांनी क्लोरीन हा विषारी वायू सोडला तेव्हा कॅनडाची पहिली डिव्हिजन तिथे उभी राहिली, आणि चार दिवसांनी त्याच रणांगणात आपली लाहोर डिव्हिजन घातली गेली, तीही गॅसमध्येच. व्हर्सायच्या करारावर भारताचीही वेगळी सही आहे, ब्रिटिश भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांची. एप्रिल १९१७ मध्ये, म्हणजे विमीच्याच महिन्यात, लंडनच्या परिषदेने जो ठराव केला त्यात डोमिनियनना साम्राज्यातली स्वायत्त राष्ट्रं म्हटलं आणि भारताला त्याच साम्राज्याचा एक महत्त्वाचा भाग म्हटलं. महत्त्वाचा भाग, बस. आणि १९१९ मध्ये आपल्या पदरात काय पडलं? मार्चमध्ये रौलट कायदा, एप्रिलमध्ये जालियनवाला बाग. मग रक्ताने राष्ट्र जन्मतं हे गणित कुठे गेलं? फरक रणांगणावर नव्हताच. कॅनडात निवडून आलेलं सरकार होतं, मतदारांना उत्तर देणारं पार्लमेंट होतं, आणि लंडनला ठणकावून सांगणारा बॉर्डन होता की एवढी माणसं पाठवतोय तर निर्णयात आम्हालाही घ्या. सैनिकांनी बॉर्डनच्या हातात वजन दिलं हे शंभर टक्के खरं, पण ते वजन चार वर्षांच्या सगळ्या लढायांचं आणि सगळ्या मृतांचं होतं.

शिवाय कोणता कॅनडा जन्मला त्या दिवशी? विमीनंतर चार महिन्यांत सक्तीच्या भरतीचा कायदा आला, क्युबेक पेटलं, आणि १९१८ च्या ईस्टरला क्युबेक शहरात सैन्याने गोळीबार केला त्यात चार नागरिक मेले. जन्मलेलं राष्ट्र वर्षभरात स्वतःच्याच लोकांवर गोळ्या झाडतं? आणि मसुमी मित्सुईंचं उदाहरण घ्या. जपानमध्ये जन्मलेला हा माणूस ब्रिटिश कोलंबियातून भरती व्हायला अल्बर्टात गेला कारण त्याच्या प्रांतात जपान्यांना घेत नव्हते, विमीला लढला, सार्जंट झाला, मिलिटरी मेडल मिळवलं. परत आल्यावर मत द्यायचा हक्क नाही. तो त्याने आणि त्याच्या साथीदारांनी भांडून १९३१ मध्ये मिळवला, तोही फक्त माजी सैनिकांपुरता. आणि १९४२ मध्ये त्याच कॅनडाने त्याला शत्रूवंशाचा म्हणून कुटुंबासकट उचलून कॅम्पात पाठवलं, पोर्ट कोक्विटलमची त्याची शेतजमीन काढून घेतली. मूळनिवासी लोकांचे चार हजारांवर सैनिक पहिल्या महायुद्धात गेले आणि इंडियन अ‍ॅक्ट या मूळनिवासींसाठीच्या कॅनडाच्या कायद्याखालच्या लोकांना बिनशर्त मताधिकार मिळायला १९६० उजाडलं. आपल्याकडच्या वाचकांना कोमागाता मारू माहीत असेलच, जुलै १९१४ मध्ये भारतीय प्रवाशांचं ते जहाज व्हँकुव्हरमधून हाकलून दिलं, त्यानंतर दोन आठवड्यांत युद्ध सुरू झालं आणि सगळे एका साम्राज्याचे वीर ठरले. मी हे कॅनडाला कमी लेखायला सांगत नाहीये, मित्सुईंसारख्यांना मान द्यायचा तर जन्मकथा बाजूला ठेवावी लागते म्हणून सांगतोय, कारण त्या कथेत यांना जागाच नाही.

पहिल्या महायुद्धातलं खरं योगदान बघायचं असेल तर १९१८ चे शेवटचे शंभर दिवस बघा. ८ ऑगस्टला आमियां, एका बाजूला ऑस्ट्रेलियन, एका बाजूला फ्रेंच, मध्ये कॅनडा, पहिल्याच दिवशी १३ किलोमीटर आत. जर्मन सेनानी लुडेनडॉर्फने त्या दिवसाला जर्मन सैन्याचा काळा दिवस म्हटलं. मग २ सप्टेंबरला जर्मनांची ड्रोकूर-केआं ही बचावाची लाइन फोडली, २७ सप्टेंबरला कॅनाल द्यू नोर हा कालवा ओलांडला, कांब्रे घेतलं, आणि ११ नोव्हेंबरला मॉन्स. इथे कमांडर आर्थर करी होता, कॅनडाचा, युद्धाआधी इन्शुरन्स आणि प्रॉपर्टीचा धंदा करणारा माणूस. १९१८ मध्ये माणसं कमी पडली म्हणून ब्रिटिशांनी आपल्या डिव्हिजन बारा बटालियनवरून नऊवर आणल्या आणि करीला सांगितलं की तूही तेच कर, उरलेल्या बटालियनमधून जास्त डिव्हिजन उभ्या कर, दोन कोअरची आर्मी बनव, तुला बढती मिळेल. त्याने नकार दिला. बढती सोडली आणि डिव्हिजन भरलेल्या ठेवल्या, इंजिनिअर वाढवले. मग कॅनाल द्यू नोरला त्याचा उपयोग झाला, कालव्याचा एक भाग अर्धवट बांधलेला, कोरडा होता, त्या अडीच किलोमीटरच्या फटीतून अख्खी कोअर आत घालायची आणि पलीकडे पंख्यासारखी पसरवायची असा प्लॅन. वरिष्ठांना तो जुगार वाटत होता. मागून लगेच पूल टाकणारे इंजिनिअर नसते तर तो जुगार अंगाशी आला असता. या शंभर दिवसांत कॅनडाचे ४५,००० च्या आसपास जखमी-मृत झाले, विमीच्या चौपट. आणि शाळेतल्या पोराला विचारा, विमी माहीत असतं, कॅनाल द्यू नोर माहीत नसतं. हे बरोबर आहे का?

आता दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ आणि आकड्यांच्या मुद्द्याकडे, जो दुसरी पार्टी नेहमी फेकते. सोव्हिएत युनियनचे २ कोटी ७० लाख मेले, तिथे कॅनडाच्या त्या युद्धातल्या ४५,००० मृतांचं काय घेऊन बसलात? नॉर्मंडीला मित्रराष्ट्रं उतरली ते पाच किनारे होते, कॅनडाचा एक, जुनो, १४,००० माणसं उतरली, साडेतीनशेच्या आसपास त्या दिवशी मेली. मुद्दा चुकीचा नाही. नाझी सैन्याचा कणा पूर्वेला मोडला यात मला शंका नाही, आणि जो कोणी म्हणतो की कॅनडाने युरोप वाचवला तो उगाच फुगवतोय. पण मृतांची संख्या हेच माप धरलं तर जे सैन्य वाईट लढून जास्त माणसं घालवतं ते जास्त मोठं ठरतं, हे मान्य आहे का? एक कोटी दहा लाखांचा देश, त्यातले अकरा लाख लोक गणवेशात, हे प्रमाण कमी कसं म्हणायचं? आणि मुळात कोण किती मेले यापेक्षा ते तिथे काय करत होते हा प्रश्न आहे.

मृत्यूला आपोआप योगदान मानलं की काय होतं ते दिएपमध्ये दिसतं. १९ ऑगस्ट १९४२, जवळपास पाच हजार कॅनेडियन, फ्रान्सच्या किनाऱ्यावर एका मजबूत बंदरावर समोरून हल्ला. ९०७ मेले, १,९४६ पकडले गेले. मोठ्या बॉम्बर विमानांचा मारा नाही, किनाऱ्याजवळ मोठ्या युद्धनौका आणायची तयारी नाही, रणगाडे किनाऱ्यावरच्या गोट्यांत रुतून बसले. या मोहिमेचे सूत्रधार माउंटबॅटन, हो, तेच आपले शेवटचे व्हाइसरॉय, आयुष्यभर सांगत राहिले की दिएपच्या धड्यांमुळे नॉर्मंडी जिंकली, आणि आज कॅनडातही लोक हेच बोलतात कारण त्याशिवाय ते मरण सहन होत नाही. मला ती भावना समजते. पण बंदोबस्त असलेल्या किनाऱ्यावर पुरेसा तोफमारा न करता माणसं उतरवू नयेत हे कळायला १९४२ मध्ये नऊशे माणसं मारावी लागत होती का? १९१५ ची गॅलिपोलीच्या किनाऱ्यावरची फसलेली मोहीम कशाला होती मग? दिएपची पोरं शूर होती आणि त्यांना फुकट मारलं, ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत.

आणि आता शेल्ट, ज्याच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं. ४ सप्टेंबर १९४४ ला ब्रिटिशांनी बेल्जियममधलं अँटवर्प घेतलं, गोद्या जवळपास शाबूत. प्रचंड बंदर. पण समुद्रापासून ते ८० किलोमीटर आत, शेल्ट नदीच्या मुखातून यावं लागतं आणि त्या मुखाच्या दोन्ही काठांवर जर्मन. म्हणजे बंदर हातात आणि एक जहाज आत येत नाही. तिकडे सैन्य जर्मनीच्या सीमेपर्यंत पोचलेलं, पण पेट्रोल आणि दारूगोळा अजून नॉर्मंडीतून ट्रकने शेकडो किलोमीटर वाहून आणावा लागत होता. ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीचं लक्ष हॉलंडमधल्या आर्नहेमवर, मुख्य माल तिकडे. शेल्ट साफ करायचं काम फर्स्ट कॅनेडियन आर्मीच्या गळ्यात पडलं आणि तेव्हा त्याला घाईचं काम कोणी मानत नव्हतं. ती जमीन कशी होती ते डोळ्यासमोर आणा. समुद्रसपाटीखालची पोल्डर, बांध फोडून पाण्यात बुडवलेली, सपाट, झाड नाही झुडूप नाही. खंदक खणला की हातभरावर पाणी लागतं. चालायचं तर फक्त बांधावरून, आणि बांधाच्या टोकाला मशीनगन आधीच रोखून ठेवलेली. १३ ऑक्टोबरला, शुक्रवारी, माँट्रियलच्या ब्लॅक वॉच बटालियनला वून्सद्रेख्टजवळ बीटच्या उघड्या शेतातून रेल्वेच्या भरावाकडे पाठवलं, १४५ जण गेले-जखमी झाले, त्यात ५६ मेले. महिन्याच्या शेवटी वाल्खरेन बेटाकडे जाणारा कॉजवे. बाराशे मीटर लांब, चाळीस मीटर रुंद, दोन्ही बाजूंना चिखल, मधोमध स्फोटाने पाडलेला मोठा खड्डा, आडोसा शून्य. आधी ब्लॅक वॉच गेली, मग कॅल्गरी हायलँडर्स, मग क्युबेकची फ्रेंच बोलणारी मेझन्यूव्ह रेजिमेंट. ज्यांना राष्ट्र बघायचंय त्यांनी या तीन बटालियन बघाव्या की, माँट्रियलचे इंग्रज, प्रेअरीतले शेतकरी आणि फ्रेंच, एकामागून एक त्याच बाराशे मीटरवर.

८ नोव्हेंबरला सगळं संपलं. १२,८७३ जण मृत, जखमी किंवा बेपत्ता, त्यातले ६,३६७ कॅनडाचे, बाकीचे बहुतेक ब्रिटिश, शिवाय पोलिश वगैरे, कारण कॅनडाच्या आर्मीत तेही होते, हे सांगायलाच हवं. सुरुंग काढून २८ नोव्हेंबरला पहिला ताफा अँटवर्पला लागला, पुढे कॅनडात बांधलेलं फोर्ट कॅटरॅकी हे जहाज, आणि बंदरावरच्या समारंभाला ज्या आर्मीने ही वाट मोकळी केली तिचा प्रतिनिधी बोलावलेलाच नव्हता. कोणी म्हणेल, दुसऱ्या कोणीही हे काम केलं असतं. केलं असतं, पण कोण? मोकळं कोण होतं तेव्हा? आणि हे काम किती मोठं होतं याचा पुरावा मित्रराष्ट्रांकडून नको, हिटलरकडून घ्या. डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनमध्ये त्याने शेवटचं सगळं सैन्य पणाला लावलं तेव्हा त्याचं लक्ष्य कोणतं होतं? अँटवर्प. शत्रू ज्या जागेसाठी सगळं उधळतो ती जागा दुय्यम कशी असेल?

इटलीचंही थोडंफार असंच. डिसेंबर १९४३ मध्ये ऑर्टोनाच्या गल्ल्यांत कॅनेडियन एका घराच्या भिंतीतून दुसऱ्या घरात भगदाडं पाडत पुढे सरकत होते कारण रस्त्यावर पाय ठेवला की गोळी, आणि त्यांच्या डाव्या बाजूला व्हिला ग्रांदेला आपली आठवी इंडियन डिव्हिजन त्याच जर्मन पॅराट्रूपर्सशी लढत होती. मे १९४४ मध्ये कॅसिनोजवळ गारी नदी याच आठव्या डिव्हिजनने ओलांडली तेव्हा सोबत कॅल्गरीचे रणगाडे होते, एक तयार पूल बुरुज काढलेल्या रणगाड्याच्या पाठीवर घेतला, मागून दुसऱ्या रणगाड्याने रेटला, पुढचा रणगाडा पाण्यात गेला आणि पूल काठाला लागला. त्या पुलावरून कॅल्गरीचे रणगाडे आपल्या जवानांच्या मदतीला गेले. याच डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती, नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ते याच बटालियनचे. तेव्हा ब्रिटिशांच्या मागे गेले म्हणून कॅनडाच्या पोरांना झटकून टाकणाऱ्या आपल्या मंडळींनी जरा थांबावं, त्याच वाक्यात आपण नामदेव जाधवांनाही झटकून टाकतोय. पाठवणारं सरकार कोणाचं होतं हा वेगळा प्रश्न आणि नदीच्या काठावर त्या माणसाने काय केलं हा वेगळा.

शेवटी समुद्र, कारण विमीच्या नादाने सगळ्यात जास्त अन्याय तिथल्या लोकांवर झालाय. १९३९ मध्ये कॅनडाच्या नौदलाकडे सहा डिस्ट्रॉयर होत्या आणि राखीव धरून साडेतीन हजार माणसं, युद्ध संपेपर्यंत लाखाच्या आसपास माणसं झाली. काम होतं अटलांटिकमधल्या मालवाहू ताफ्यांना जर्मन पाणबुड्यांपासून राखायचं. इथेही विरोधकांचं ऐकून घ्या, सुरुवातीला ही पोरं कच्ची होती, उपकरणं जुनी, सप्टेंबर १९४१ मध्ये एससी-४२ ताफ्यातली पंधरा-सोळा जहाजं डोळ्यादेखत बुडाली, आणि १९४३ च्या सुरुवातीला ब्रिटिशांनी त्यांचे ग्रुप ट्रेनिंगसाठी मधल्या अटलांटिकमधून बाजूला काढले. खरंय. पण १९४१-४२ मध्ये त्या जागेवर दुसरं कोण उभं राहणार होतं? कच्च्या का होईना, त्या कॉर्व्हेट नावाच्या छोट्या युद्धनौका नसत्या तर ताफे उघडे गेले असते. नंतर याच नौदलाच्या लेनर्ड मरेंकडे वायव्य अटलांटिकची अख्खी कमांड आली. आणि ताफ्यात माल वाहणारे जे मर्चंट नेव्हीचे खलाशी होते, ज्यांच्याकडे ना धड गणवेश ना पुरेसं शस्त्र, त्यांच्यातले कॅनडा-न्यूफाउंडलँडचे सोळाशेच्या वर मेले. युद्ध संपल्यावर घर, शिक्षण, पेन्शनच्या योजना आल्या तेव्हा यांना सांगितलं की तुम्ही सैनिक नाही. १९९२ पर्यंत कायद्याने त्यांना युद्धातले माजी सैनिक धरलं नाही. १९९८ मध्ये सत्तरी ओलांडलेले काही खलाशी ओटावात पार्लमेंटसमोर उपोषणाला बसले, आणि नुकसानभरपाई २००० मध्ये मंजूर झाली, तोपर्यंत त्यांच्यातले कितीतरी जण जगातून गेले होते. विमीच्या वर्धापनदिनाला मात्र एवढ्या वर्षांत पैसे आणि पुढारी कधी कमी पडले नाहीत.